महाविद्यालयाचे विद्यापीठ : कायद्याची वाट आणि सिल्वासाचा प्रश्न

प्रास्ताविक

सिल्वासा शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी मात्र बाहेरच्या विद्यापीठाची मिळते. डोकमर्डी येथील शासकीय डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम महाविद्यालय सूरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न आहे, तर एस. एस. आर. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाची संलग्नता पुणे विद्यापीठाशी आहे. म्हणजे एकाच शहरातील दोन महाविद्यालयांचा अभ्यासक्रम, परीक्षेचे वेळापत्रक आणि निकाल दोन वेगवेगळ्या राज्यांत ठरतात. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या 3,43,709 होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक वारली, धोडिया, कोकणा आदी अनुसूचित जमातींचे होते. या समाजातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांसाठी ‘आपल्या शासकीय महाविद्यालयाचे विद्यापीठ का होत नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इमारतीत किंवा निधीत शोधण्यापूर्वी कायद्यात शोधावे लागते.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला?

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार तीन प्रकारच्या संस्थांनाच आहे : केंद्रीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम 3 खालील अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. महाविद्यालय कितीही जुने व नामवंत असले तरी या तीनपैकी एकात बसल्याशिवाय ते स्वतःच्या नावाने पदवी देऊ शकत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विद्यापीठाची स्थापना हा विषय राज्यसूचीतील 32 व्या नोंदीत आहे. शिक्षण हा विषय 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. राज्य विद्यापीठ स्थापन करणे हे म्हणून राज्य विधिमंडळाचे काम ठरते. मात्र हा अधिकार अनिर्बंध नाही. छत्तीसगडच्या 2002 च्या कायद्याखाली केवळ अधिसूचना काढून शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे अस्तित्वात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये प्रा. यशपाल खटल्यात त्या तरतुदी रद्द केल्या. शिकवण्याची सोय नसलेले कागदी विद्यापीठ हे विद्यापीठ नव्हे, हा त्या निकालाचा आशय आहे.

पुण्याचे उदाहरण

महाविद्यालयाचे विद्यापीठ होणे ही नवी गोष्ट नाही. अलीगढच्या मोहम्मदन अँग्लो-ओरिएंटल महाविद्यालयाचे विद्यापीठ 1920 च्या केंद्रीय कायद्याने झाले. रुडकीचे शासकीय थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालय 1949 मध्ये प्रांतिक कायद्यान्वये विद्यापीठ बनले आणि 2001 मध्ये त्याला आय.आय.टी.चा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आहे. 1854 मध्ये सुरू झालेली ही संस्था प्रथम मुंबई विद्यापीठाशी आणि 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर त्या विद्यापीठाशी संलग्न राहिली. 2003 मध्ये तिला स्वायत्तता मिळाली. स्वायत्ततेमुळे अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे व नियामक मंडळामार्फत कारभार चालवणे शक्य झाले, परंतु पदवीपत्र पुणे विद्यापीठाचेच राहिले. अखेर राज्य विधिमंडळाने 2022 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि ‘सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ’ हे एकात्म, म्हणजे संलग्न महाविद्यालये नसलेले, सार्वजनिक विद्यापीठ अस्तित्वात आले. स्वायत्तता आणि विद्यापीठ यांतील फरक या एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. स्वायत्तता प्रशासकीय निर्णयाने मिळते. पदवीचा अधिकार मात्र कायद्यातूनच येतो.

कायद्याने नेमके काय बदलते?

अशा रूपांतराच्या कायद्यात सामान्यतः पुढील बाबी असतात. पहिली, विद्यापीठ ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती ठरते. तिला स्वतःची मुद्रा असते, मालमत्ता धारण करता येते, दावा लावता येतो. दुसरी, महाविद्यालयाची जमीन, इमारती, देणी व करार विद्यापीठाकडे वर्ग होतात. तिसरी, शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरतात. शासकीय सेवक विद्यापीठाचे सेवक होणार की प्रतिनियुक्तीवर राहणार, ही बाब संदिग्ध राहिल्यास वर्षानुवर्षे वाद चालतात. चौथी, आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यापीठाची पदवी मिळणार की नव्या, हे संक्रमणकालीन तरतुदीत लिहावे लागते. पाचवी, कुलगुरू, व्यवस्थापन, विद्यापरिषद व वित्त यांची रचना ठरते.

कायदा झाला म्हणजे केंद्रीय अनुदान आपोआप सुरू होते, असेही नाही. त्यासाठी आयोगाच्या कलम 12(ब) खाली पात्र ठरावे लागते. राज्याने नियमित अनुदानाची हमी दिली नाही तर नव्या विद्यापीठाचा भार शेवटी शुल्काच्या रूपाने विद्यार्थ्यांवर पडतो.

सिल्वासापुढील मार्ग

दादरा व नगर हवेली 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, 1961 मध्ये केंद्रशासित प्रदेश बनली आणि 26 जानेवारी 2020 रोजी दमण व दीवसह एक प्रदेश झाली. या प्रदेशाला विधानसभा नाही. त्यामुळे पुण्याप्रमाणे विधिमंडळाच्या कायद्याने ‘राज्य विद्यापीठ’ निर्माण करण्याचा मार्ग येथे उपलब्धच नाही.

मग उरतात तीन वाटा. अनुच्छेद 246(4) नुसार केंद्रशासित प्रदेशासाठी राज्यसूचीतील विषयावरही संसद कायदा करू शकते. विधानसभा नसलेल्या लडाखसाठी संसदेने 2021 मध्ये केंद्रीय विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करून विद्यापीठाची तरतूद केली. दुसरी वाट अनुच्छेद 240 ची. त्याखाली राष्ट्रपतींनी केलेल्या विनियमाला त्या प्रदेशात संसदेच्या कायद्याइतकेच बळ असते. तिसरी वाट अभिमत विद्यापीठाची. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयाला 2003 मध्ये हा दर्जा मिळाला. मात्र अभिमत संस्था इतर महाविद्यालयांना संलग्नता देऊ शकत नाही, त्यामुळे शहरातील बाकी महाविद्यालयांचा प्रश्न तसाच राहतो.

समारोप

सिल्वासासाठी केवळ ‘विद्यापीठ हवे’ ही मागणी पुरेशी नाही. एकात्म विद्यापीठ हवे की संलग्नता देणारे, निधी कोण देणार, सध्याच्या विद्यार्थ्यांची पदवी कोणाची आणि आदिवासी मुलामुलींना ते शुल्क परवडणार का, या प्रश्नांची उत्तरे मसुद्यातच असावी लागतील. नव्या विद्यापीठाची फलश्रुती त्याच्या नावावर नव्हे, तर घरातील पहिली पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा किती उपयोग झाला यावरच ठरेल.