शरणपूरची मुले

रमजान जवळ आला की घरोघरी जकात आणि सदक्याचा हिशेब सुरू होतो. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, तळोजा येथील कुटुंबांच्या मोबाइलवर या दिवसांत मदतीची आवाहने येऊ लागतात. कुणी सोमालियातील भुकेल्या मुलांसाठी मदत मागतो, कुणी सुदानमधील यतीम मुलांसाठी, तर कुणी मलावीतील एखाद्या गावात विहीर खोदण्यासाठी. अशा वेळी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : पैसे पोहोचतील ना? प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. पैसे पोहोचल्यावर त्या मुलाचे काय होते, हेही विचारले पाहिजे. त्याचे उत्तर शोधायला आफ्रिकेत जावे लागत नाही. नाशिकपर्यंत गेले तरी पुरे.

नाशिकचा शरणपूर रोड सर्वांना ठाऊक आहे. तो ज्या वस्तीमुळे ओळखला जातो, ते शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवले. पुढे तेथे आफ्रिकन मुलांचे एक आश्रयगृह चालू लागले. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे गुलाम म्हणून पळवून नेली जात. इंग्रजांच्या युद्धनौका समुद्रात गुलामांची गलबते पकडत आणि सुटका झालेल्यांपैकी कित्येकांना मुंबई बंदरात उतरवत. त्यांत लहान मुलेही असत. आईबापांचा पत्ता नाही, भाषा कुणाला कळत नाही, अशी ही मुले. त्यांतील काही शरणपूरला पोहोचली. तेथे त्यांना जेवण, कपडा आणि शिक्षण मिळाले. मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकले. ही मिशनरी संस्था चालत होती ती दूर इंग्लंडमधील सामान्य लोकांच्या देणग्यांवर.

या कथेत आपल्यालाही मान खाली घालावी लागते. ती गलबते बहुतेक अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांची होती. झांझिबारच्या पेठेत भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छ-गुजरातचे हिंदू आणि मुसलमान सावकार होते. गुलामाला मुक्त करणे हे ज्या दीनमध्ये मोठे पुण्य मानले आहे, त्याच दीनचे नाव घेणारे लोक हा धंदा करत होते. म्हणून या मुलांना ज्यांनी जेवू घातले, त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

पण या मदतीची एक किंमत होती. ती मुलांनी चुकवली.

यातील एक मुलगा याओ जमातीचा होता. त्याचे नाव चेंगविंबे. नाशिकला तो मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक जेकब वेनराइट म्हणून ओळखला जाऊ लागला. ही मुले हुशार आणि धाडसी निघाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आपल्या शेवटच्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुले होती. जेकब आणि मॅथ्यू १८७२ मध्ये त्याच्याकडे पाठवलेल्या तुकडीत होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांनी आणि या नाशिकच्या तरुणांनी त्याचा मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणला. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला जेकब हजर होता. परक्याचा देह त्याच्या माणसांपर्यंत पोहोचवणाऱ्या या तरुणांची स्वतःची माणसे मात्र कधीच हरवली होती.

१८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्यानंतर मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी एक वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअरटाउन म्हणत. शरणपूरची बरीच माणसे तेथे गेली. आफ्रिकेची लेकरे आफ्रिकेत परतली. पण तेथे त्यांची ओळख झाली ‘बॉम्बे आफ्रिकन’. पोशाख वेगळा, बोली वेगळी, धर्म वेगळा, नाव वेगळे. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला, तो याच नावाने. पोट भरले, हाताला काम मिळाले. आईने ठेवलेले नाव मात्र मागेच राहिले.

आता आपल्या घरातील एक गोष्ट आठवूया. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांनाही लहानपणी पळवून नेऊन उकाजच्या बाजारात विकले होते. ते अल्लाहच्या रसूलांच्या (स.) घरी आले. आपण त्यांना मुक्त केले आणि मुलासारखे वाढवले. जैद यांचे वडील शोधत मक्केला आले, तेव्हा जायचे की राहायचे हा निर्णय आपण जैद यांच्यावरच सोपवला. ते राहिले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. पुढे सूरह अहजाबमध्ये हुकूम आला की अशा मुलांना त्यांच्या जन्मदात्यांच्या नावाने हाक मारा. तेव्हापासून ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. विचार करा, त्यापेक्षा मोठे नाव जगात कोणते होते? तरीही मुलाचे स्वतःचे नाव त्याला परत दिले गेले. यतीमला आधार द्या, पण त्याचे मूळ पुसू नका, हाच यातील धडा आहे.

हा धडा आजही कामाचा आहे. जगभरच्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील यांपैकी एक तरी हयात असतात. मूल तेथे येते ते गरिबीमुळे. विधवा आईला शेळ्या, शिलाई मशीन किंवा शाळेची फी मिळाली, तर मूल तिच्याजवळच राहते. म्हणून आवाहन आले की विचारा : मुलाला घरातून उचलून वसतिगृहात ठेवणार, की घरालाच हात देणार? गावातील माणसे या कामात आहेत का? मुलाचा रडवेला फोटो छापण्याआधी त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली होती का?

पैशाच्या वाटेचीही माहिती हवी. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. भारतातील न्यासाने आपले उत्पन्न परदेशात खर्च केले, तर करसवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. ती आहे का, हे विचारा. स्वतः पाठवायचे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला बँकेमार्फत वर्षाला एकूण अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. देणगीही त्यातच मोडते. कुणाच्या खासगी खात्यात किंवा हवालामार्गे एक रुपयाही देऊ नका. रक्कम जकातीची असेल, तर आधी आपल्या नात्यातील आणि मोहल्ल्यातील हकदारांकडे पाहा आणि ती बाहेर पाठवण्याबाबत आपल्या आलिमांना विचारा.

आफ्रिका आपल्यापासून दूर नाही. आपल्या ताटातील तूरडाळीत मोझांबिक आणि मलावीच्या शेतातील तूरही असते. चेंगविंबेचे याओ लोक आजही याच भागात राहतात आणि त्यांतील बरेच जण मुसलमान आहेत. त्यांच्यासाठी या रमजानमध्ये काही द्याल, तेव्हा पावतीबरोबर एवढे विचारून घ्या : ज्या मुलाला हे मिळणार आहे, तो रात्री कुणाच्या घरी झोपतो आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारतात?