पेट्रिकोर : उन्हाळ्यानं साठवलेला वास

जून जवळ आला की मराठी कथांत, ललित लेखांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत ‘पेट्रिकोर’ हा शब्द हल्ली हमखास भेटतो. पहिल्या पावसात मातीला येणारा वास, एवढा त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो आणि तो चूकही नाही. पण या शब्दाभोवती अशा काही समजुती जमल्या आहेत की त्याचा नेमकेपणा झाकला गेला आहे. लिहिणाऱ्याच्या कामाचा आहे तो नेमकेपणाच.

हा प्राचीन ग्रीक शब्द आहे, जुन्या कवींनी तो वापरला आहे, असं अनेकजण मानतात. ग्रीक आहेत ती त्याची मुळं. शब्द १९६४ सालचा आहे. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस हे ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. ‘नेचर’ या नियतकालिकातल्या एका छोट्या निबंधात त्यांनी तो प्रथम योजला. ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. होमरच्या ‘इलियड’मध्ये ॲफ्रोडाइटी जखमी होते तेव्हा तिच्या हातातून रक्ताऐवजी हाच इकोर वाहतो. खनिजांवर काम करणाऱ्या दोघांना नाव शोधताना देवांचं रक्त आठवावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. (उच्चारही ‘पेट्रिकोर’ असाच. ‘पेट्रिचोर’ हे इंग्रजी अक्षरांवरून झालेलं वाचन आहे.) साहित्याच्या आणि मनोरंजनाच्या जगात तो पसरला फार उशिरा. २०११ साली ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या नील गेमन यांनी लिहिलेल्या भागात तो आला आणि सामान्य प्रेक्षकांच्या कानावर पडला.

नावात खडक का, माती का नाही? इथेच दुसरा गैरसमज सुटतो. कोरड्या चिकणमातीवर फुंकर घातली किंवा पाणी शिंपडलं की एक खास वास येतो, हे खनिजशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं आणि तो त्या मातीचाच गुण मानला जात होता. बेअर आणि थॉमस यांना मात्र चिकणमातीचा अंश नसलेल्या खडकांतूनही तोच वास मिळाला. उन्हात तापलेल्या कोरड्या खडकांतून वाफेच्या साहाय्याने त्यांनी एक पिवळसर तेल वेगळं काढलं. वास त्या तेलाचा होता. कोरड्या दिवसांत हवेतली, बरीचशी वनस्पतींपासून आलेली सेंद्रिय द्रव्यं दगडमातीच्या सूक्ष्म छिद्रांत शोषली जातात आणि तिथे साचत राहतात. हवेतला दमटपणा वाढला की पाणी त्या छिद्रांत शिरतं आणि साचलेलं बाहेर ढकलतं. म्हणून कधी कधी थेंब पडण्याआधीच वास येतो. म्हणजे पेट्रिकोर पावसाचा वास नव्हेच. तो चैत्र-वैशाखाच्या उन्हानं साठवलेला असतो, पाऊस फक्त कुलूप उघडतो.

वादळाआधी नाकाला झोंबणारा जो तीव्र वास येतो, तो विजेमुळे तयार होणाऱ्या ओझोनचा. त्याचा मातीशी संबंध नाही.

जिओस्मिनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ‘पेट्रिकोर म्हणजे जिओस्मिन’ असं सर्रास छापलं जातं. जिओस्मिन हे एक ठरावीक रसायन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए यांनी १९६५ साली ते वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे : एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असलं तरी जाणवतं. बीटाचा मातकटपणा त्याचाच, गोड्या पाण्यातल्या मासळीला कधी कधी येणारा चिखलाचा वासही त्याचाच. आंबट पदार्थानं तो कमी होतो, कारण आम्लात जिओस्मिन टिकत नाही. पहिल्या सरीच्या वासात जिओस्मिन मिसळलेलं असतं हे खरं, पण नांगरलेल्या ओलसर शेतात, कुंडीतली माती उकरताना, ऐन श्रावणातही ते येतं. त्याला आधी उन्हाळा लागत नाही. पेट्रिकोरला लागतो. त्यामुळे आषाढातल्या झडीच्या चौथ्या दिवशी एखाद्या पात्राला पेट्रिकोरचा वास आला, तर लेखकानं शब्दाचा अर्धा अर्थ सोडून दिला असं मी म्हणेन.

जितका पाऊस जोराचा तितका वास अधिक, हेही खरं नाही. २०१५ साली एमआयटीतल्या यंगसू जाँग आणि कलन ब्यूई यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी थेंबांचं चित्रण केलं. सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि तुषारकणांसोबत जमिनीतलं द्रव्य हवेत उधळलं जातं. हलक्या-मध्यम पावसात हे भरपूर घडतं. मुसळधार सरीत थेंब इतक्या वेगानं आदळतात की बुडबुड्यांना तयार व्हायला वेळच मिळत नाही.

हे वाचताना मला कालिदास आठवतो. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गरोदर राणी सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात. राजा दिलीप एकांतात तिच्या मुखाचा मृत्तिकागंध घेतो आणि त्याची तृप्ती होत नाही. उपमा आहे हत्तीची : उन्हाळा सरताना मेघांच्या थेंबांनी शिंपडलेल्या रानातल्या डबक्याचा वास घेणाऱ्या हत्तीची. ऋतू कोणता, तर ग्रीष्म संपतानाचा. पाऊस किती, तर थेंबांपुरता. धो धो पावसात भिजलेला हत्ती कवीनं घेतला नाही. पाहण्यातला हा काटेकोरपणा कुठल्याही प्रयोगशाळेला साजेसा आहे.

आता सर्वांत लाडका समज : हा वास सृजनाचा, अंकुरांना जागवणारा. बेअर आणि थॉमस यांनी १९६५ साली दुसरा निबंध लिहिला तो याच विषयावर, आणि त्यांना आढळलं ते उलटं. हे तेल बियांचं रुजणं आणि रोपांची सुरुवातीची वाढ मंद करतं. पुरेसं पाणी नसताना बी रुजलं तर ते मरतं, तेव्हा हा आवर बियाण्याच्या हिताचा असू शकतो. वळवाच्या एका सरीवर पेरणी उरकणाऱ्याला दुबार पेरणीचं दुःख माहीत असतं. या वासात थांबण्याचाही अर्थ आहे, आणि आपल्या लेखनात तो अजून फारसा आलेला नाही.

राहिला प्रश्न ‘मृद्गंध’चा. तो पेट्रिकोरचा मराठी अनुवाद, असं समजणाऱ्यांनी विंदा करंदीकरांच्या ‘मृद्गंध’ या संग्रहाचं साल पाहावं : १९५४. पेट्रिकोर त्यानंतर दहा वर्षांनी जन्मला. मृद्गंध अधिक व्यापक आहे. ओल्या शेताचा, नव्या माठाचा, सारवलेल्या अंगणाचा वासही त्यात मावतो. पेट्रिकोर त्यातला एक कोपरा. आणि त्या कोपऱ्याचीही ओळख आपल्याकडे जुनी आहे. उत्तर प्रदेशात मातीचं अत्तर काढलं जातं याची नोंद खुद्द बेअर आणि थॉमस यांनी केली होती. कनौजचे अत्तरवाले आजही भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात.