पत्राला दोन दारं
लेखमाला : घरातला संगणक (लेखांक ९)

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पावसच्या बाजूला बाग असलेल्या एका आंबा बागायतदार काकांचा संध्याकाळी फोन आला. हापूसचा ऐन हंगाम, पॅकिंगच्या शेडमध्ये माणसांची गडबड, आणि काकांचा आवाज मात्र पडलेला. मुंबईच्या व्यापाऱ्याने मागितलेलं दरपत्रक त्यांनी तीन दिवसांत तीनदा ईमेलने पाठवलं होतं. व्यापारी म्हणत होता, एकही मिळालं नाही. “अहो सर, माझ्या डोळ्यांदेखत गेलं हो. मी सेंड दाबलं नि खिडकी मिटली.”

रत्नागिरीतल्या मारुती मंदिराहून निघून मी तिथे पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शेडच्या कोपऱ्यात, पेंढा आणि रिकाम्या पेट्यांच्या मधोमध टेबलावर संगणक. मी म्हटलं, “काका, तुम्ही जसं करता तसंच करून दाखवा.” त्यांनी व्यापाऱ्याच्या मागणीपत्रकातला निळा, खाली रेघ असलेला ईमेल पत्ता क्लिक केला. लगेच एक खिडकी उघडली, पण ती त्यांच्या रोजच्या मेलची नव्हती. काका मेल बघतात ब्राउझरमध्ये. ही खिडकी होती संगणकाबरोबर आलेल्या मेल प्रोग्रामची. संगणक नवा असताना कुणीतरी त्यात त्यांचं खातं जोडून दिलं होतं. पुढे काकांनी पासवर्ड बदलला, ब्राउझरमध्ये नवा घातला, आणि हा प्रोग्राम जुन्याच पासवर्डावर बसून राहिला. त्याच्या आउटबॉक्समध्ये तिन्ही पत्रं ओळीने पडून होती. पेट्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, टेम्पोत चढवल्या. पण टेम्पोला ड्रायव्हरच नाही, तसं.

हा प्रकार मी रत्नागिरीत इतक्या घरांत, दुकानांत आणि संस्थांच्या कचेऱ्यांत पाहिला आहे, की या आठवड्याचा लेख त्यालाच द्यायचं ठरवलं.

संगणक कुणाला हाक मारतो?

ईमेल पत्त्याच्या दुव्यामागे ‘मेलटू’ नावाची खूण लपलेली असते. तिचे सविस्तर नियम १९९८ साली ठरले आणि २०१० साली सुधारले गेले. दुवा क्लिक केला की संगणक स्वतःची नोंदवही बघतो : मेलटू आलं तर कुणाला हाक मारायची? तिथे ज्या प्रोग्रामचं नाव असेल तो उघडतो. तुम्ही रोज कुठे मेल वाचता हे त्या नोंदवहीला ठाऊक नसतं. त्या मानाच्या जागेला म्हणतात ‘डिफॉल्ट’.

आता खरी मेख ऐका. अशा नोंदी दोन आहेत. निळ्या दुव्यांसाठी एक, आणि फाइलवरूनच मेल पाठवण्यासाठी दुसरी. फाइलवर राइट क्लिक करून ‘सेंड टू’मधून ‘मेल रिसिपियंट’ निवडता, तेव्हा विंडोज ‘मॅपी’ नावाच्या जुन्या व्यवस्थेतून मेल प्रोग्रामला बोलावतं. म्हणून एक नोंद बदलली तरी दुसरी जुनीच राहते. दुवा एका प्रोग्रामात उघडतो, फाइल दुसऱ्यात जाते, आणि माणूस म्हणतो, “कालच तर नीट केलं होतं!”

मेल प्रोग्रामांची ही गर्दी झाली कशी?

मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आउटलुक एक्सप्रेस दिलं. विंडोज एक्सपीतही ते होतं. तिथे ‘काढून टाका’ म्हटलं तरी मुख्यतः चिन्ह नजरेआड व्हायचं. व्हिस्टात त्याची जागा विंडोज मेलने घेतली. २००९ सालच्या विंडोज ७मध्ये तर मेल प्रोग्रामच नव्हता. हवा असेल त्याने विंडोज लाइव्ह मेल उतरवून घ्यायचं. त्याचाही आधार १० जानेवारी २०१७ला संपला. विंडोज १०बरोबर ‘मेल’ आणि ‘कॅलेंडर’ आले. ३१ डिसेंबर २०२४ला तेही निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवं आउटलुक आलं. २०२५च्या फेब्रुवारीतल्या सुरक्षा अपडेटबरोबर विंडोज १०च्या संगणकांवर ते न मागता येऊन बसलं. ऑफिसबरोबर मिळणारं जुनं आउटलुक वेगळं. नाव एक, प्रोग्राम दोन. आपल्याकडचे संगणक सात-आठ वर्षं सहज चालतात, त्यामुळे एकाच यंत्रावर यातल्या एकाहून अधिक पिढ्यांचे अवशेष सापडतात.

आधी पत्रं हलवा

माझी हात जोडून विनंती आहे : थेट ‘अनइन्स्टॉल’वर जाऊ नका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पत्रं, मग नोंद, आणि शेवटी सफाई.

जो प्रोग्राम काढायचा तो उघडा आणि आउटबॉक्स, ड्राफ्ट्स, सेंट हे कप्पे बघा. मग फोनवर किंवा ब्राउझरमध्ये तेच खातं उघडून जुनी पत्रं तिथेही दिसतात का ते ताडून पाहा. दिसत असतील तर खातं बहुधा ‘आयमॅप’ पद्धतीने जोडलेलं आहे. पत्रं सर्व्हरवर सुरक्षित आहेत. दिसत नसतील तर खातं ‘पॉप’ पद्धतीचं असू शकतं. पॉपमध्ये पत्रं संगणकावर उतरतात आणि पुष्कळदा सर्व्हरवरून पुसली जातात, म्हणजे एकमेव प्रत तुमच्या यंत्रात असते. अशा वेळी पत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. सातबाऱ्याच्या कामाचा पत्रव्यवहार, बँकेची पत्रं, परदेशातल्या लेकरांची पहिल्या वर्षातली पत्रं, हे पुन्हा मिळत नाही. काकांची अडकलेली पत्रं आम्ही आधी उघडून मजकूर नव्या पत्रात उतरवला, दरपत्रकाची फाइल जोडली, आणि ते ब्राउझरमधून पाठवून दिलं.

मग नोंद बदला

विंडोज ११मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ असं जा. वरच्या चौकटीत मेलटू हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. ज्याचं नाव येईल तोच सध्याचा मानकरी. त्यावर क्लिक करून हवा तो निवडा. विंडोज १०मध्ये त्याच पानावर ‘ईमेल’ ही ओळ सगळ्यात वर असते. २०१२ सालच्या विंडोज ८पासून कुठल्याही प्रोग्रामला ही जागा परस्पर बळकावता येऊ नये अशी योजना आहे. निवड तुमच्याच हाताने व्हायला हवी.

मेल ब्राउझरमध्येच वापरत असाल तर काम दोन टप्प्यांचं आहे. मेलटूपुढे क्रोम निवडा. मग क्रोममध्ये जीमेल उघडा. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एकात एक अडकलेल्या दोन शंकरपाळ्यांसारखं चिन्ह दिसेल. ते दाबून जीमेलला दुवे उघडण्याची परवानगी द्या. यातला एक टप्पा राहिला तर नुसताच कोरा ब्राउझर उघडतो आणि माणूस गोंधळतो.

फाइलवरून पाठवण्याच्या नोंदीसाठी जुन्या आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ इथे आउटलुकला डिफॉल्ट करण्याचा पर्याय आहे. थंडरबर्ड नावाचा मेल प्रोग्राम तर सुरुवातीलाच तसं विचारतो.

शेवटी नकोसा प्रोग्राम काढा

विंडोज ११च्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’च्या यादीत नको असलेल्या प्रोग्रामसमोरचे तीन ठिपके दाबा आणि ‘अनइन्स्टॉल’ निवडा. संगणक एकदा बंद करून चालू करा. त्यानंतर ‘सेंड टू’ वापरलंत आणि या कामासाठी कुठलाच मेल प्रोग्राम नेमलेला नाही असा संदेश आला, तर घाबरू नका. ब्राउझरवाल्यांनी फाइल ब्राउझरमधूनच जोडावी. मला हा संदेश आवडतो, कारण तो खरं सांगतो. काकांच्या प्रोग्रामने पत्र घेतलं आणि गिळून टाकलं. त्यापेक्षा तोंडावरचा नकार शतपटीने बरा.

काही ठिकाणी काढण्याची सोयच नसते. मॅकमधलं मेल काढता येत नाही, पण त्याच्याच सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट दुसरा नेमता येतो. अँड्रॉइडवर सोबत आलेली बरीच अ‍ॅप्स फक्त ‘डिसेबल’ होतात. हा प्रश्न आपल्या देशात न्यायासनापर्यंत गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा आधीपासून बसवलेली गुगलची अ‍ॅप्स वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत असंही बजावलं होतं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. युरोपीय संघात मात्र मार्च २०२४पासून मोठ्या कंपन्यांना अशी सोय देणं कायद्यानेच भाग आहे. तो हक्क आपल्यालाही मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात काय राहावं, हे आपणच ठरवायला नको का?

त्या रात्री सगळं आटोपल्यावर मी काकांना त्यांच्या स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र पाठवायला सांगितलं. त्यांनी निळा दुवा दाबला, ओळखीची खिडकी उघडली, आणि अर्ध्या मिनिटात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी फोन काढला, पत्र वाचलं, आणि मग शेडमधल्या पोरांना हाक मारली, “चला रे, पेट्या बांधा!”

या आठवड्यात तुम्हीही एवढंच करा. एखादा ईमेल दुवा दाबा, कोण उघडतं ते बघा, स्वतःलाच एक पत्र पाठवा आणि ते फोनवर पोचेपर्यंत उठू नका.

पुढच्या आठवड्यात : पॉपवरून आयमॅपवर जाताना जुनी पत्रं कशी सांभाळायची.