नंबर फाटकावर लागतो की वाटेवर?

न्हावा शेवा बंदरातल्या आयात-निर्यातीच्या कंटेनरांवर २०१६ साली आरएफआयडी टॅग लागायला सुरुवात झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी नेमलेली सरकारी संस्था आणि जपानची एनईसी कंपनी यांनी भागीदारीत उभारलेली ही ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’. बंदराचे फाटक, टोलनाका, कंटेनर फ्रेट स्टेशन इथल्या रीडरसमोरून कंटेनर गेला की नोंद होते. क्रमांक टाकला की मालाच्या मालकाला ती दिसते. याला सर्रास ‘लाइव्ह ट्रॅकिंग’ म्हणतात, पण ते पुरते खरे नाही. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगचेच पाहा, तोही आरएफआयडी टॅगच. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच ऊर्जा घेऊन तो आपला क्रमांक परत पाठवतो आणि गप्प होतो. दोन रीडरांच्या मधे गाडी कळंबोलीच्या कोंडीत आहे की टपरीपाशी, हे टॅगला ठाऊक नसते. त्यासाठी जीपीएस लागते. आणि जीपीएसचा ठिपकासुद्धा गाडी कुठे आहे एवढेच सांगतो. ठाण्याच्या हद्दीत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. त्या वेळेत सापडलेला ठिपका गोदामापासून हाकेच्या अंतरावर असला, तरी गाडी तासन्‌तास यायची नाही.

यातल्या कितीतरी गाड्या ज्या गोदामाच्या दारात येऊन थांबतात ते भिवंडीत. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून इथे गोदामे वाढली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली. गोदामातली खरी टंचाई जागेची नसते, दरवाज्यांची आणि माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांच्या टोळीची असते. एकच दरवाजा, गाड्या वाटेल तेव्हा येणाऱ्या आणि माल उतरवायला कधी कमी, कधी जास्त वेळ, असे धरले तर रांगेचे गणित सोपे आहे: दरवाजा ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर गाडीला सरासरी एका गाडीच्या कामाच्या चौपट वेळ थांबावे लागते, ९० टक्के झाला की नऊपट. म्हणजे वाढते काम साडेबारा टक्के आणि खोळंबा दुपटीहून जास्त. टॅगने काम कमी होत नाही, येण्याची अनिश्चितता कमी होते. गाडी दोन तास उशिरा येणार हे आधी कळले तर मुकादम टोळीला पाठवणीच्या मालाकडे वळवतो, दरवाजा दुसऱ्या गाडीला मिळतो. आणि जो माल तसाच पुढे जायचा आहे तो रॅकवर चढवून पुन्हा उतरवावा लागत नाही. भरलेल्या गोदामाला याचा फायदा फार मोठा, अर्ध्या रिकाम्या गोदामाला जवळजवळ शून्य. छोट्या गोदामवाल्यांना ट्रॅकिंग परवडत नाही ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. त्यातल्या ज्यांची गोदामे अर्धी रिकामी असतात त्यांना त्याची गरजच नसते.

मग पडद्यावर ठिपके असूनही फाटकाबाहेर रांग का? कारण नंबर अजून वॉचमनच्या वहीत लागतो, जो आधी पोचला त्याचा आधी. ठरलेल्या वेळेला येणारा ड्रायव्हर पाहतो की पहाटेच येऊन उभा राहिलेला पुढे गेला. पुढच्या खेपेला तोही पहाटेच येतो. टॅगने कमी केलेली अनिश्चितता वहीने परत आणली. यावर आक्षेप असा, की ‘जो आधी आला त्याचा आधी’ हाच सर्वांना समजणारा न्याय; पडद्यावर ठरलेला क्रम कुणाच्या ओळखीने बदलला हे ड्रायव्हरला कसे कळणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला यंत्राकडे उत्तर नाही. दुसरा आक्षेप पाळतीचा. ड्रायव्हर कुठे किती वेळ थांबला हे मालकाला मिनिटागणिक दिसते. गोदामाने त्याला किती ताटकळत ठेवले हेही त्याच नोंदीत असते, पण ते कुणी काढून पाहत नाही. माथाडी टोळीकडेही असेच दुर्लक्ष होते. १९६९ च्या कायद्याने तिची नोंदणी आणि मजुरी मंडळामार्फत होते. गाड्यांच्या ठिपक्यांप्रमाणे तिने केव्हाही उभे राहावे असे गृहीत धरून वेळापत्रक आखले, तर ते पहिल्याच दुपारी कोसळते. गाडीला दिलेली वेळ आधी मुकादमाला विचारून ठरवावी लागते, आणि ती गोदामाकडून चुकली तर हॉल्टिंगचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे गोदामाने मोजायला हवेत. वहीत आज ‘आत आली’ आणि ‘बाहेर गेली’ असे दोनच रकाने असतात. त्यांच्या आधी ‘ठरलेली वेळ’ हा तिसरा रकाना पेनने आखायला सॉफ्टवेअर लागत नाही. पण तो आखला की उशीर कुणाचा, हे ड्रायव्हरलाही वाचता येते.