लहान सर्व्हरसाठीं लिनक्स कोणतें निवडावें?

त्र्यंबक रस्त्यानें सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत शिरलें म्हणजे मोठमोठे कारखाने आणि त्यांच्या आश्रयानें चालणारीं लहान वर्कशॉपें दृष्टीस पडतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं माणसें अशाच ठिकाणीं काम करितात. एखाद्या वर्कशॉपाच्या मालकास आपल्या मालाची माहिती दूरच्या गिऱ्हाइकांस कळवावयाची असली, तर हल्लीं त्याचें साधन वेबसाइट हें होय. ही वेबसाइट चोवीस तास चालू राहणाऱ्या एका संगणकावर ठेवावी लागते. त्यास सर्व्हर म्हणतात. असा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानें मिळतो. परंतु तो घेतेवेळीं पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो हा कीं, त्यावर कोणतें लिनक्स घालावें? भाड्यानें देणारा नांवांची लांबलचक यादी पुढें करितो आणि नवशिका मनुष्य गोंधळून जातो. ह्या प्रश्नाचा उलगडा आम्ही येथें थोडक्यांत करूं इच्छितों.

प्रथम, नांवें इतकीं कां, हें पाहूं. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. गाभा म्हणजे संगणकाचें जणूं इंजिनच. पण नुसत्या इंजिनानें प्रवास होत नाहीं. चाकें, ब्रेक, बैठक हीं सर्व जोडावीं लागतात. लिनक्सच्या गाभ्यास इतर शेंकडों साधनें जोडून, तीं एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें तपासून, जो तयार संच लोकांस दिला जातो, त्यास डिस्ट्रिब्यूशन अशी संज्ञा आहे. इंजिन एकच, पण गाडी बांधणारे निराळे, असा हा प्रकार आहे.

आतां निवड कशी करावी? लेथ विकत घेतांना शहाणा मालक तिच्या रंगाकडे पाहत नाहीं. तो विचारतो, 'दहा वर्षांनीं हिचे सुटे भाग मिळतील काय? बिघाड झाल्यास दुरुस्तीस कोण येईल?' डिस्ट्रिब्यूशनविषयींही हेच दोन प्रश्न विचारावे, असें आमचें मत आहे. कारण प्रत्येक प्रोग्रॅममध्यें कांहीं दोष राहून जातातच, व ते पुढें वर्षानुवर्षें उघडकीस येत असतात. दोष दिसतांच तो दुरुस्त करून पाठविणें हें डिस्ट्रिब्यूशनच्या चालकांचें काम. त्यांनीं तें थांबविलें, म्हणजे घराचें कुलूप मोडून पडल्यासारखें होतें. इंटरनेटवरील चोर लहानमोठा असा भेद करीत नाहींत. त्यांचीं यंत्रें रात्रंदिवस प्रत्येक पत्त्याचें दार हालवून पाहत असतात. लहान वर्कशॉपाचा सर्व्हर त्यांच्या हातीं गेला, तर गिऱ्हाइकांचे पत्ते व हिशेब जातात, आणि मालकाच्या नांवावर दुसऱ्यांची फसवणूक होते. पत गेली कीं ती परत मिळविणें किती कठीण, हें आमच्या पालकांस सांगावयास नकोच.

चालक कोण, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनीचें लिनक्स पैसे देऊन घ्यावें लागतें. त्याच्या खुल्या मजकुरावरून बांधलेलें सेंटओएस फुकट मिळे, म्हणून जगांतील असंख्य सर्व्हरांवर तेंच होतें. त्याची आठवी आवृत्ति २०१९ सालीं निघाली व २०२९ पर्यंत तिची दुरुस्ती होईल असें सांगण्यांत आलें होतें. परंतु २०२० च्या डिसेंबरांत चालकांनीं जाहीर केलें कीं, ही दुरुस्ती २०२१ च्या अखेरीसच बंद होईल. दहा वर्षांच्या भरंवशावर बसलेल्यांस एका वर्षांत बिऱ्हाड हलवावें लागलें. त्यांच्या सोयीसाठीं २०२१ सालीं आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हीं दोन नवीं डिस्ट्रिब्यूशनें निघालीं. वस्तु फुकट असली, तरी ती सांभाळणारा कोण व तो कोणास जबाबदार आहे, हें पाहिलेंच पाहिजे, हा ह्यांतील बोध होय.

दुसरा मोह नवेपणाचा. सर्वांत ताजी ती सर्वांत चांगली, असें तरुणांस वाटणें साहजिक आहे. पण २०२४ च्या मार्चमध्यें काय घडलें तें पाहा. आन्द्रेस फ्रॉइंड नामक इंजिनियरास आढळलें कीं, दूरच्या संगणकांत प्रवेश करितांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसरा कोणी असता तर त्यानें दुर्लक्ष केलें असतें. फ्रॉइंड यांनीं शोध घेतला, तेव्हां एक्सझेड नांवाच्या साधनाच्या नव्या आवृत्तींत कोणीं तरी मुद्दाम चोरदरवाजा ठेविल्याचें उघडकीस आलें. ही आवृत्ति डेबियनच्या चाचणीच्या शाखांत व फेडोराच्या प्रायोगिक आवृत्त्यांत शिरली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र ती पोहोंचली नव्हती. सर्व्हरसाठीं जुनी पण पारखलेली वस्तु कां घ्यावी, ह्याचें याहून स्पष्ट उत्तर तें कोणतें?

आतां प्रमुख नांवांकडे वळूं. डेबियनचा आरंभ १९९३ सालीं इयान मरडॉक यांनीं केला. तें कोणा कंपनीच्या मालकीचें नसून जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात. त्याच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीस सुमारें पांच वर्षें दुरुस्ती मिळते. तेरावी आवृत्ति ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली आहे. अर्धा जीबी मेमरींतही तें चालतें. पुण्यास मुख्य कार्यालय असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें भारतीय भाषांसाठीं काढलेलें बॉस लिनक्स डेबियनच्याच पायावर उभें आहे. उबंटूचा पायाही डेबियनच. तें २००४ पासून कॅनॉनिकल ही कंपनी काढते. सम सालाच्या एप्रिलांत त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ति निघते व तिला पांच वर्षें दुरुस्ती मिळते. नवशिक्यांसाठीं लिहिलेली मदत त्याविषयीं विपुल आहे. आल्मालिनक्स व रॉकी यांची मुदत दहा वर्षांची, पण त्यांस मेमरी अधिक लागते. दोन जीबी तरी असावी. उलट, फेडोराची आवृत्ति सुमारें तेरा महिनेच टिकते, म्हणून ती अभ्यासास उत्तम, सर्व्हरास गैरसोयीची. आल्पाइन अगदीं लहान व चपळ आहे, परंतु त्याची अंतर्गत रचना निराळी असल्यामुळें कांहीं तयार प्रोग्रॅम त्यावर चालत नाहींत.

तेव्हां आमचा सल्ला असा: एक जीबी मेमरीचा लहान सर्व्हर असून त्यावर एकदोन वेबसाइटीच ठेवावयाच्या असतील, तर डेबियन घ्यावें. सांभाळणारा अगदींच नवशिका असेल, तर उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति घ्यावी. सीपॅनेलसारखें व्यवस्थेचें विकत साधन वापरावयाचें असेल, तर आल्मालिनक्स सोयीचें पडेल. आणि ओळखीचा एखादा जाणता मनुष्य अमुक एक डिस्ट्रिब्यूशन वर्षानुवर्षें वापरीत असेल, तर इतर गुणदोष सारखे असतां तेंच घ्यावें. कारण अडचणीच्या रात्रीं पुस्तकापेक्षां माणूस उपयोगीं पडतो.

निवड केली म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. लेथीस तेल घालावें लागतें, त्याप्रमाणें सर्व्हरासही निगा लागते. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी योजना करावी. सर्व मजकुराची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, आणि ती परत उतरवितां येते कीं नाहीं हें मधूनमधून करून पाहावें. दुरुस्तीची मुदत कोणत्या सालीं संपते, तें दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें व त्यापूर्वीं सहा महिने तयारीस लागावें.

विद्यार्थीमित्रहो, हें शिकावयास मोठा पैसा लागत नाहीं. घरांत एखादा जुना संगणक पडून असेल, तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीनें त्यावर डेबियन घालून पाहा. मुंबईच्या आय.आय.टी.नें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल ह्या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतूनही उपलब्ध आहेत. तेथें चुकलांत तरी कोणाचें नुकसान होणार नाहीं. परंतु उद्यां कोणी विश्वासानें आपला सर्व्हर तुमच्या हातीं सोंपविला, तर त्यावरील प्रत्येक पत्ता व प्रत्येक हिशेब ही दुसऱ्याची ठेव आहे, हें जाणूनच त्यास हात लावा.