रणांगण तरुण जवानाला कसे बदलते?

१९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलचा कडा दोराने चढणारे १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव अवघे १९ वर्षांचे होते. अनेक गोळ्या लागूनही ते लढत राहिले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले.

गोळीबार सुरू होताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळते. छाती धडधडते, हात थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. भीती शूरांनाही वाटते. अशा वेळी सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली कामी येतात आणि सोबत्याला सोडून जायचे नाही, ही ओढ पाय रोवून ठेवते.

संतापाच्या भरात माणुसकी राखणे ही त्याहून कठीण परीक्षा. टायगर हिलवर धारातीर्थी पडलेले पाकिस्तानी कॅप्टन कर्नाल शेर खान यांच्या शौर्याची लेखी नोंद भारताच्या ब्रिगेडियर बाजवांनी केली. पुढे पाकिस्तानने शेर खान यांना निशान-ए-हैदर हा सन्मान दिला.

घरी परतल्यावर झोप उडणे, फटाक्याने दचकणे, गेलेल्या मित्रांपुढे अपराधी वाटणे काहींना वर्षानुवर्षे छळते. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या आघातोत्तर विकाराला अधिकृत स्थान दिले. हा भित्रेपणा नव्हे. उपचारांनी त्रास कमी होऊ शकतो. म्हणूनच सत्काराचे हार उतरल्यावरही जवानाची विचारपूस करत राहणे हे आपले कर्तव्य आहे.