निळ्या जिभेची सापसुरळी आणि आपल्या बांधावरची सापसुरळी

शेतीच्या मासिकांत सरपटणाऱ्या प्राण्याविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु हा विषय आमच्या घरांत आपण होऊन आला, आणि चौकशी करतां करतां त्याचा संबंध थेट शेताच्या बांधाशीं आहे असें आढळून आलें. म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

गेल्या पावसाळ्यांत माझा कॉलेजांत शिकणारा पुतण्या मोबाईलवरील एक चित्र दाखवून म्हणाला, "काका, हा प्राणी आपण घेऊं या. परदेशांत लोक याला मांडीवर घेऊन बसतात." चित्र पाहिलें तों ती सापसुरळीच, मात्र हातभर लांब, मनगटाएवढी जाड, आणि तिची जीभ निळीच्या पाण्यांत बुडविल्यासारखी निळी. त्याच आठवड्यांत आमच्या गोठ्यांत एक वीतभर सापसुरळी निघाली होती. सालदारानें ती फावड्यानें मारली, आणि घरांतील कोणींही, मी धरून, त्यास हटकलें नाहीं. एकीसाठीं मोठी रक्कम मोजावयाची आणि दुसरीवर फावडें उचलावयाचें, हा कोणता न्याय? महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें अर्जावर शेरा मारण्यापूर्वीं मागचे कागद चाळण्याची संवय मला जडली आहे. पुतण्याचा अर्जही त्याच रीतीनें तपासला. त्यांत जें हातीं लागलें तें पुढें देत आहें.

प्राण्याची ओळख

सापसुरळी ही पाल, सरडा, घोरपड यांच्याच वर्गांतील. अंग गुळगुळीत, खवले तकतकीत, मान वेगळी दिसत नाहीं आणि पाय आंखूड. म्हणून गवतांतून सळसळत जातांना ती सापासारखी भासते. जगांत हिच्या दीड हजारांहून अधिक जाति आहेत, आणि त्यांपैकीं चारशेंहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलिया खंडांत आहेत.

तेथील मोठ्या जातींपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली निळ्या जिभेची. तिला इंग्रजींत ब्ल्यू टंग म्हणतात. ही दीड ते दोन फूट लांब भरते. सिडनीसारख्या शहरांत घरामागील बागेंतही ती राहते व गोगलगाई, किडे, फुलें, पडलेलीं फळें खाऊन निर्वाह करते. दुसरीचें नांव शिंगलबॅक. हिचे खवले जाड व खडबडीत असून शेंपूट डोक्याच्याच आकाराची, आंखूड व बोथट असते. त्या शेंपटींत चरबी सांठलेली असते आणि कोरड्या दिवसांत ती उंटाच्या मदारीप्रमाणें उपयोगी पडते. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील फ्लिंडर्स विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ मायकेल बुल यांनीं १९८२ पासून तीस वर्षांहून अधिक काळ या प्राण्यांची नोंद ठेविली. तींत असें दिसून आलें कीं, नर व मादी वर्षाचा बराच काळ निरनिराळीं राहून वसंत ऋतूंत पुन्हां त्याच जोडीदारास शोधून काढतात, आणि अशीं जोडपीं वर्षानुवर्षें टिकतात.

दोन्ही जाति अंडीं घालीत नाहींत. पिलें जिवंत जन्मास येतात. निळ्या जिभेची मादी एका वेळीं बहुधा दहाच्या आसपास पिलें देते, तर शिंगलबॅक एक-दोनच, पण चांगलीं मोठीं. विष दोघींसही नाहीं. शत्रु जवळ आला कीं तोंड वासणें, निळी जीभ दाखविणें, फुसकारणें व अंग चपटें करणें हा केवळ बचावाचा बहाणा होय.

पाळण्यास काय लागतें

हा प्राणी पाळण्यास सोपा आहे असें विकणारे सांगतात. कुत्र्यामांजराप्रमाणें तो लळा मागत नाहीं, भुंकत नाहीं, रोज खातही नाहीं, हें खरें. परंतु त्याच्या गरजा आपल्या डोळ्यांना दिसत नाहींत, आणि चूक कळेपर्यंत प्राणी खंगलेला असतो.

घर : एका मोठ्या सापसुरळीस निदान चार फूट लांब व दोन फूट रुंद अशी पेटी लागते. तींत लपण्यास जागा, तळाशीं कोरडा भुसा किंवा माती, आणि उथळ भांड्यांत पाणी असावें. दोन प्राणी एकत्र ठेवूं नयेत. ते भांडून एकमेकांस जखमी करतात.

ऊब : या प्राण्याच्या अंगांत स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचें एक टोंक दिव्यानें सुमारें ३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावें आणि दुसरें २५ अंशांच्या आसपास ठेवावें, म्हणजे प्राणी आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलतो. ऊब न मिळाल्यास खाल्लेलें अन्न पोटांत पचत नाहीं. निफाडच्या बाजूस हिवाळ्यांत द्राक्षबागा वांचविण्यासाठीं पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेथें वीज गेलेल्या रात्रीं या प्राण्याचें काय होईल, याचा विचार घेणाऱ्यानें आधींच करावा.

ऊन : हाडें बळकट होण्यास उन्हांतील अतिनील किरण लागतात, आणि ते कांचेंतून आंत येत नाहींत. कांचेच्या पेटींत खिडकीशीं ठेवलेला प्राणी उन्हांत दिसतो खरा, पण त्या किरणांस मुकतो. हाडें मऊ पडतात, जबडा व पाय वांकडे होतात. त्यासाठीं विशेष प्रकारचा दिवा लावावा लागतो व तो ठराविक काळानें बदलावा लागतो.

खाणें : मोठ्या प्राण्यास आठवड्यांतून दोन-तीनदां खाणें पुरतें. सुमारें अर्धा भाग पालेभाजी व भोपळ्यासारख्या भाज्या, थोडें फळ, आणि बाकीचा भाग किडे, गोगलगाई, उकडलेलें अंडें असा असावा. येथें आपल्या जिल्ह्यापुरती एक सूचना द्यावीशी वाटते. फवारणी झालेल्या द्राक्षबागेंतील नाकतोडे, किंवा विषारी गोळ्या टाकलेल्या शेतांतील शंखी गोगलगाई पकडून घातल्यास तें खाणें विषच ठरतें.

आयुष्य : नीट सांभाळल्यास ही सापसुरळी पंधरा-वीस वर्षें जगते. बैल घेतांना आपण दांत पाहून त्याचीं किती वर्षें राहिलीं हें ठरवितों. येथें घेणाऱ्यास स्वतःचीं वर्षें मोजावीं लागतात. पुतण्या नोकरीस पुण्यास गेल्यावर पेटी कोणाच्या माथीं येणार, हें मला त्याच्या चेहऱ्यावर वाचतां आलें.

हातांत घेण्याची रीत

नव्या प्राण्यास घरीं आणल्यावर कांहीं दिवस मुळींच हात लावूं नये. पुढें उचलतांना वरून झडप घालूं नये. वरून येणारा हात त्यास घारीसारखा वाटतो. बाजूनें हळू हात नेऊन एक हात छातीखालीं व दुसरा मागील पायांखालीं घालावा, म्हणजे सर्व अंगास आधार मिळतो. शेंपटीस धरून कधींही उचलूं नये. अनेक जातींची शेंपूट ओढतांच तुटते. ती पुन्हां फुटते खरी, पण सांठविलेली शक्ति त्यांत खर्ची पडते. मुलांनीं खालीं बसूनच प्राणी हातांत घ्यावा, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडत नाहीं. तो फुसकारूं लागला कीं खालीं ठेवावा.

गोगलगाईचा शंख फोडणारा त्याचा जबडा बळकट असतो. चावलाच तर बोट हिसडूं नये; प्राण्यास जमिनीवर टेकवावें, तो बहुधा आपण होऊन सोडतो. त्याच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व त्यांपासून जुलाब-ताप होतो. म्हणून दर वेळीं साबणानें हात धुवावे, पेटी स्वयंपाकघरांत ठेवूं नये, आणि पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं प्राणी देऊं नये.

कागदपत्रांची बाजू

ऑस्ट्रेलिया सरकार आपल्या देशांतील असे प्राणी व्यापारासाठीं बाहेर जाऊं देत नाहीं. तरीही चोरटा व्यापार चालतो. टपालाच्या पार्सलांत शिंगलबॅक कोंबून पाठविल्याचीं प्रकरणें तेथें उघडकीस आलीं आहेत. आपल्याकडेही २०२५ सालीं मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानांत परदेशी साप व कासवें सांपडलीं. आपला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी प्राण्यांसाठीं वेगळी अनुसूची जोडली गेली, आणि २०२४ च्या नियमांनीं असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंद करण्याचें बंधन आलें. सातबाऱ्यावर नांव नाहीं तोंवर जमीन आपली म्हणतां येत नाहीं, हें आपणांस सांगावयास नको. तोच हिशेब येथें लावावा. आयातीचा परवाना, खरेदीची पावती आणि नोंद हे तीन कागद दाखवूं न शकणाऱ्याशीं व्यवहार करूं नये, व शंका असल्यास आधीं वनखात्याच्या कार्यालयांत विचारावें. आपली देशी घोरपड तर पहिल्या अनुसूचींत आहे. ती पकडणें किंवा पाळणें हा गुन्हा आहे.

कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी ओढ्याकांठीं सोडून देणें हेंही घातक आहे, आणि याचें उदाहरण ऊस लावणारांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत उसाची हुमणी व तिचे भुंगेरे आटोक्यांत आणण्यासाठीं १९३५ सालीं हवाई बेटांतून सुमारें शंभर मोठे बेडूक आणून सोडण्यांत आले. हुमणी तर हटली नाहींच. उलट त्या विषारी अंगाच्या बेडकांनीं अर्धा उत्तर ऑस्ट्रेलिया व्यापला. त्यांस भक्ष्य समजून तोंड लावणारे कितीतरी देशी प्राणी मेले, आणि त्यांत उत्तरेकडील निळ्या जिभेच्या सापसुरळ्याही होत्या.

आपल्या बांधावरची सापसुरळी

एवढें वाचून झाल्यावर गोठ्यांत मारलेल्या सापसुरळीची आठवण मला बोचूं लागली. आपल्याकडील नेहमींची मोठी जात डोक्यापासून शेंपटीच्या मुळापर्यंत सुमारें पांच इंच भरते. शेंपूट त्याहून लांब असते. पाठ तपकिरी, कांशाच्या भांड्यासारखी चकाकणारी, व कडेनें फिकट पट्टे. कांहीं जण हिला सापाची मावशी म्हणतात, आणि हिच्या चाव्यानें माणूस मरतो असा समज खेडोपाडीं आहे. तो निखालस खोटा आहे. माणसाचा जीव घेईल असें विष असलेली पाल, सरडा, घोरपड किंवा सापसुरळी भारतांत एकही नाहीं. ती दिवसां उन्हांत हिंडते आणि नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, अळ्या, कोळी खाते. ती एकटी पिकावरील कीड आटोक्यांत आणील असें मी म्हणत नाहीं. पण मजुरी न घेतां दिवसभर कामावर असणारें दुसरें कोण आहे?

परदेशी सापसुरळीस पेटींत जें जें पुरवावें लागतें, तें तें आपल्या सापसुरळीस बांधावर फुकट मिळतें. आपण फक्त तें काढून घेऊं नये. त्यासाठीं पुढील गोष्टी कराव्या :

१. बांधाच्या एका कोपऱ्यांत दगडांचा लहानसा ढीग राहूं द्यावा. तेथें तिला ऊब, आडोसा व अंडीं घालण्यास जागा मिळते. ढिगांत फुरसेंही असूं शकतें, म्हणून त्यांत हात घालूं नये.

२. उन्हाळ्यांत सरसकट बांध जाळूं नयेत. फवारणीचा झोत बांधावर जाऊं देऊं नये.

३. विहिरींत किंवा शेततळ्यांत एखादी जाड दोरी अगर फांदी उतरती सोडावी, म्हणजे पडलेला जीव वर चढून येतो.

४. घरांत शिरल्यास दार उघडें ठेवून झाडूनें हळूच वाट दाखवावी, किंवा सुपांत घेऊन बाहेर सोडावी. पाय दिसतात कीं नाहीं, याची आधीं खात्री करावी. साप असल्याचा संशय आल्यास दूर राहून जाणकारास बोलवावें.

असो. पुतण्याच्या अर्जावर मी "नामंजूर" असा शेरा मारला, आणि तो त्यानें फारसा वाद न घालतां मान्य केला. सालदारास मात्र समजावयास वेळ लागला. लहानपणापासूनची भीति एका बैठकींत जात नाहीं. आतां गोठ्यामागील दगडांवर सकाळच्या उन्हांत एक सापसुरळी येऊन बसते. सालदार तिच्याजवळून जातांना अजून दोन पावलें लांबून जातो, पण फावडें उचलीत नाहीं. वाचकांपैकीं कोणास बांधावरील अशा प्राण्यांचा अनुभव असल्यास त्यांनीं तो मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा.